जुन्या व्हिडिओ गेम्सचा संग्रह विकायला काढते आहे, मार्गदर्शन हवं

पिक्सेलवेडी

नमस्कार मंडळी,

कित्येक वर्षं जमवलेला जुन्या व्हिडिओ गेम्सचा संग्रह विकायचं मी नक्की केलं आहे. विकू की नको हा प्रश्न माझ्यापुरता मिटलाय, तेव्हा 'विकू नकोस गं' असं प्रेमाने सांगणाऱ्यांना आधीच हात जोडते. खेळण्यासाठी बनलेल्या वस्तू कपाटात पडून आहेत आणि पडून पडूनच खराब होताहेत, हे मला बघवत नाही. मध्ये एक हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं यंत्र) बाहेर काढला तर तो सुरूच झाला नाही. ज्यांच्या हातात हे सगळं चालेल त्यांच्याकडे ते जावं असं मनापासून वाटतं. पैसे हवेतच, पण घाई नाही.

काय काय आहे ते सांगते. एनईएस (निन्टेन्डोचा जुना कन्सोल) आणि सुपर निन्टेन्डोच्या कॅसेट, गेम बॉय (साधा, कलर आणि ॲडव्हान्स), निन्टेन्डो ६४, सेगाचे मेगा ड्राइव्ह, गेम गिअर, सॅटर्न, ड्रीमकास्ट, पहिला प्लेस्टेशन आणि मूळ एक्सबॉक्स. बहुतेक गेम सुटे आहेत, काहींचे खोके आणि पुस्तिका शाबूत आहेत, दोन-तीन तर कधी उघडलेलेच नाहीत.

अडलंय ते असं: किंमत कशी ठरवायची? सगळं एकाच माणसाला द्यावं की एकेक विकावं? विकण्याआधी सफाई-दुरुस्ती करावी का? आणि मला सगळ्यात जास्त छळणारा प्रश्न, कॅसेटमध्ये जे सेव्ह (साठवून ठेवलेले अर्धवट खेळ) आहेत त्यांचं काय करायचं? भावाचा पोकेमॉन रेड आणि माझा पोकेमॉन गोल्ड त्यात आहेत. अजून आहेत की गेले, हे बघायचं धाडस झालेलं नाही.

---

खिडकीतला_मॉनिटर

वाचनखूण साठवली आहे. मोठ्या खोक्यांतले पीसी गेम माझ्याकडेही आहेत, फ्लॉपीसकट. जाणकारांच्या प्रतिसादांची वाट बघतो.

---

मेमरीकार्ड

किमतीचं आधी बोलू.

जाहिरातीत मागितलेली किंमत बघू नका, ती कुणीही कितीही लिहू शकतो. ईबेवर फक्त विकल्या गेलेल्या वस्तू दाखवणारी गाळणी आहे, ती लावा आणि अलीकडचे व्यवहार बघा. प्राइसचार्टिंग या संकेतस्थळावर असे झालेले व्यवहार गोळा करून सुटा, पूर्ण आणि नवा असे तीन वेगळे आकडे दिलेले असतात. त्यातून कमिशन, पॅकिंग आणि पाठवणी वजा करा, तेव्हा तुमच्या हातात काय येतं ते कळतं. दुकानदार याच्यापेक्षा बरंच कमी सांगेल. त्यावर रागावू नका, त्याला तो माल तपासून, साठवून, वाट बघून विकायचा असतो.

आवृत्ती कुठली आहे ते प्रत्येक वस्तूवर बघा. एकाच गेमच्या जपानी, अमेरिकी आणि युरोपीय कॅसेटच्या भावात मोठी तफावत असू शकते. युरोपातले त्या काळचे बरेच गेम ५० हर्ट्झवर (टीव्हीचं चित्र सेकंदाला ५० वेळा बदलतं) जरा संथ चालतात, त्यामुळे खेळण्यासाठी घेणारे ६० हर्ट्झवाल्या आवृत्त्या शोधतात. जपानी कॅसेटमध्ये मजकूर भरपूर असेल तर गिऱ्हाईक कमी, पण धावाधावीचा किंवा गोळीबाराचा गेम असेल तर भाषेवाचून कुणाचं अडत नाही.

'पूर्ण' हा शब्द जपून वापरा. खोका आणि कॅसेट म्हणजे पूर्ण नव्हे. पुस्तिका, नकाशा, भित्तिपत्रक, आतला पुठ्ठ्याचा साचा, जे जे मूळ विक्रीच्या वेळी आत होतं ते सगळं हवं. अर्थबाउंड अमेरिकेत १९९५ साली मोठ्या खोक्यात आला तो जाडजूड मार्गदर्शक पुस्तकासकट. ते पुस्तक नसेल तर तसं स्पष्ट लिहा. उलट गेम नसलेली नुसती पुस्तिका असेल तर ती फेकू नका. पुठ्ठ्याचे खोके लोकांनी तेव्हाच टाकून दिले, त्यामुळे कागद शोधणारे आज खूप आहेत.

आणि २०२०-२१ मधले आकडे डोक्यातून काढून टाका. टाळेबंदीत भाव चढले होते, नंतर बरेच उतरले. तेव्हाचा लेख किंवा व्हिडिओ बघून अपेक्षा धरली तर माल तसाच पडून राहील.

---

दुसरा_कंट्रोलर

मेमरीकार्ड यांचं सगळं मान्य, पण मी एकगठ्ठा विक्रीच्या बाजूचा आहे. एकेक विकायचं म्हणजे प्रत्येक वस्तूचे फोटो, प्रत्येकाच्या शंका, प्रत्येकाशी घासाघीस, प्रत्येकाचं पॅकिंग. लोक उत्साहाने सुरू करतात, चांगल्या चार गोष्टी हातोहात जातात आणि उरलेलं कपाटातच राहतं. पिक्सेलवेडी यांना तर वस्तू कपाटाबाहेर काढायच्या आहेत. एखादा खरा संग्राहक शोधा आणि त्याला सगळं द्या. थोडं कमी मिळेल, पण संग्रह एकत्र राहील.

---

मेमरीकार्ड

@दुसरा_कंट्रोलर, संग्रह एकत्र राहील ही आशा बहुधा खोटी ठरते. एकगठ्ठा घेणाऱ्याकडे त्यातले निम्मे गेम आधीच असतात. तो हवं ते ठेवतो आणि उरलेलं विकतो. त्यात गैर काही नाही, पण मग ते काम तुम्हीच केलेलं बरं.

मी मधला रस्ता सुचवतो. खोक्यासकट पूर्ण असलेले आणि दुर्मीळ गेम एकेक विका. प्रत्येक कन्सोलसोबत त्याचाच एक कंट्रोलर, तारा आणि चार-पाच सर्रास मिळणारे गेम देऊन जोड्या करा. पहिल्यांदा घेणाऱ्याला अशी जोडी आवडते, घरी नेली की लगेच खेळता येते. दरवर्षी नवी आवृत्ती निघणारे खेळांचे गेम एकटे विकायला गेलात तर पाठवणीचा खर्चही निघत नाही, ते या जोड्यांमध्येच घाला. सुपर मारिओ ब्रदर्स आणि डक हंट एकत्र असलेली कॅसेट अमेरिकेत एनईएसच्या खोक्यातच मिळायची, म्हणून ती भरपूर आहे. ती कन्सोलसोबत शोभते. फक्त डक हंटची बंदूक जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीवरच चालते, सपाट टीव्हीवर नाही, हे घेणाऱ्याला आधी सांगा.

एक मात्र पाळा. उरलेला ढीग शेवटी एकाला द्यायचा विचार असेल तर त्यात दोन-तीन चांगल्या गोष्टी राखून ठेवा. सगळी साय आधी काढून घेतली तर खालचं कुणी घेत नाही.

---

सोल्डरगन

सेव्हच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहितोय. माझ्या मते या धाग्यात तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. पोकेमॉन रेडची कॅसेट जगात लाखोंनी आहे, उद्या पुन्हा घेता येईल. तुमच्या भावाने खेळलेला खेळ एकाच कॅसेटमध्ये आहे.

आत काय असतं ते समजून घ्या. त्या काळच्या बहुतेक कॅसेटमध्ये सेव्ह एका स्मरणचिपवर राहतो आणि ती चिप वीज गेली की सगळं विसरते. म्हणून बोर्डावर नाण्याएवढी लिथियम बॅटरी झाळलेली असते आणि कॅसेट कपाटात असतानाही ती चिपला अगदी किंचित वीज देत राहते. बॅटरी संपली की सेव्ह गेला. गेम मात्र चालतो, कारण तो वेगळ्या, कायमच्या चिपवर असतो. त्यामुळे 'गेम सुरू होतो' म्हणजे 'सेव्ह होतो' असं कधीच समजू नका.

सगळ्या कॅसेट एकाच वेगाने संपत नाहीत. पोकेमॉन गोल्ड आणि सिल्व्हरमध्ये दिवस-रात्र दाखवणारं घड्याळ आहे आणि तेही त्याच बॅटरीवर चालतं, म्हणून त्यांची बॅटरी रेड-ब्लूच्या आधी संपते, जरी ते नंतर आलेले असले तरी. गेम बॉय ॲडव्हान्सच्या पोकेमॉन रुबी, सफायर आणि एमराल्डमध्ये बॅटरी आहे ती फक्त घड्याळासाठी. सेव्ह फ्लॅश चिपवर असतो, ती विजेशिवायही विसरत नाही. 'बॅटरी संपली आहे' असा संदेश आला तरी सेव्ह जागेवर असतो, घाबरून फेकू नका. निन्टेन्डो ६४ मध्ये तर तीन तऱ्हा आहेत. सुपर मारिओ ६४ ला बॅटरी लागत नाही, ऑकारिना ऑफ टाइमला लागते, मजोराज मास्कला पुन्हा लागत नाही. मेगा ड्राइव्हवरच्या सॉनिक ३ मध्येही सेव्ह बॅटरीशिवाय टिकतो. प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डाचं तसंच. सॅटर्नच्या अंतर्गत स्मरणासाठी मात्र कन्सोलच्या मागे सीआर२०३२ बॅटरी आहे.

आता करायचं काय? आधी कॅसेट सुरू करून सेव्ह आहे का बघा, आणि 'नवा खेळ' चुकूनही निवडून सेव्ह करू नका. सेव्ह जिवंत असेल तर कॅसेट उघडायची नाही, बॅटरीला हात लावायचा नाही. कार्ट्रिज रीडर नावाचं छोटं यंत्र मिळतं. कॅसेट त्यात घालून संगणकाला जोडली की सेव्ह फाइल म्हणून उतरवता येतो. फाइल दोन ठिकाणी ठेवा. त्यानंतर बॅटरी बदला आणि तीच फाइल परत कॅसेटमध्ये लिहा. बॅटरी काढली की चिप रिकामी होते, म्हणून हा क्रम मोडू नका. बदलताना झाळायची पट्टी असलेली बॅटरीच घ्या, नुसती चिकटपट्टीने दाबून बसवलेली बॅटरी हलली की सेव्ह जातो.

---

पिक्सेलवेडी

@सोल्डरगन, मनापासून आभार. तुमचा प्रतिसाद वाचून दोन्ही कॅसेट लावल्या.

गोल्ड रिकामा आहे. तुम्ही सांगितलेल्या कारणाने गेला असणार.

रेड आहे! भावाने दिलेली नावं, अर्धवट सोडलेली गुहा, सगळं तसंच आहे. भावाला फोन केला, तो बराच वेळ एकेक नाव वाचायला लावत होता. रीडर मागवते आहे, तोवर कॅसेटला कुणालाही हात लावू देणार नाही.

हे पोकेमॉन नव्या गेममध्ये नेता येतात का?

---

बी_बटण

वा! वाचून फार आनंद झाला.

रेडमधले पोकेमॉन मूळ कॅसेटवरून गोल्ड-सिल्व्हर-क्रिस्टलपर्यंतच जातात, लिंक केबल लावून. तिथून पुढचा पूल नाही, कारण गेम बॉय ॲडव्हान्सवरचे गेम आधीच्या पिढीशी जोडलेच जात नाहीत. रुबी-सफायरपासून मात्र साखळी सुरू होते. निन्टेन्डोच्या नंतरच्या हँडहेल्डमध्ये, म्हणजे मूळ डीएस किंवा डीएस लाइटमध्ये, खाली ॲडव्हान्सची कॅसेट लावायची खाच आहे, तिच्यातून डायमंड-पर्लमध्ये, मग ब्लॅक-व्हाइटमध्ये. ही वाट एकाच दिशेची आहे, परत आणता येत नाही. तुमच्याकडे ॲडव्हान्सचे पोकेमॉन गेम असतील तर विकण्याआधी एवढं बघून घ्या.

अवांतर: विकताना सेव्ह पुसावा का, यावर लोकांची मतं वेगळी आहेत. मी वापरलेल्या कॅसेट घेते तेव्हा आत कुणाचा तरी खेळ सापडला की मला तो ठेवावासा वाटतो. कुणा अनोळखी मुलाने सगळ्या पोकेमॉनना आपल्या वर्गमित्रांची नावं दिलेली असतात. तुमची प्रत सुरक्षित असेल तर कॅसेटमध्ये सेव्ह राहू द्या, पुढच्याला हवं तर तो नवा सुरू करेल.

---

रात्रीची_लेव्हल

बी_बटण +१. मीही पुसत नाही.

---

सोल्डरगन

सफाई आणि दुरुस्तीबद्दल राहिलं होतं.

कॅसेटच्या धातूच्या टोकांवर ९० टक्क्यांहून जास्त आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा फिरवा, बोळा स्वच्छ निघेपर्यंत. तोंडाने फुंकर मारायची सवय आपल्या सगळ्यांना आहे, पण फुंकरीतली ओल टोकांना गंजवते. एनईएसचा लाल दिवा लुकलुकत असेल तर कॅसेट मेली असं लिहून मोकळं होऊ नका. कन्सोलमधला ७२ टोकांचा जोड सैल झालेला असतो आणि आतली कुलूपचिप (अनधिकृत कॅसेट अडवणारी) कॅसेटशी संपर्क न जुळल्याने कन्सोल पुन्हा पुन्हा सुरू करत राहते. तीच कॅसेट दुसऱ्या कन्सोलमध्ये लावून बघा.

निन्टेन्डोच्या बऱ्याच जुन्या कॅसेट उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट नावाचा खास पेचकस लागतो, सुपर निन्टेन्डो आणि निन्टेन्डो ६४ कन्सोलला ४.५ चा. साध्या पक्कडीने स्क्रू फिरवू नका, त्यावरचे ओरखडे घेणाऱ्याला लगेच दिसतात.

सुरू न झालेला हँडहेल्ड गेम गिअर असेल तर नवल नाही. त्यातले कपॅसिटर (बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे भाग) जवळजवळ सगळीकडेच गळतात. आधी आवाज जातो, पडदा अंधूक होतो, मग सगळंच बंद. गळलेलं द्रव बोर्डावरचे पट्टे खातं, म्हणून न विकला तरी तो तसाच ठेवू नका. झाळकाम येत असेल तर सगळे कपॅसिटर बदला, नसेल तर 'सुरू होत नाही, कपॅसिटर मूळचे आहेत' असं लिहून विका. दुरुस्ती करणारे असे आनंदाने घेतात.

मूळ एक्सबॉक्सही लगेच उघडा. घड्याळ चालू ठेवणारा एक कपॅसिटर आहे, तो गळून मुख्य बोर्ड खराब करतो. १.६ ही शेवटची आवृत्ती सोडली तर बाकी सगळ्यांतला तो काढून टाकावा. काढल्यावर कन्सोल नीट चालतो, फक्त वीज काढली की तारीख-वेळ विसरतो.

पिवळ्या पडलेल्या प्लास्टिकला हात लावू नका असा माझा आग्रह आहे. आग पसरू नये म्हणून प्लास्टिकमध्ये ब्रोमीनची संयुगं घालत, त्यामुळे ते काळानुसार पिवळं पडतं असं मानतात. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाशाने रंग परत येतो, पण कधी पट्टे उमटतात आणि काही दिवसांनी पुन्हा पिवळेपणा येऊ शकतो. पिवळा पण मूळ स्थितीतला कन्सोल घेणारे खूप लोक आहेत. ते काम करायचं की नाही हे त्यांना ठरवू द्या.

---

मेमरीकार्ड

सोल्डरगन यांच्या प्रतिसादाला डिस्कची जोड देतो.

सॅटर्न, ड्रीमकास्ट, प्लेस्टेशन या तिन्हींच्या डिस्कमध्ये माहितीचा थर वरच्या, म्हणजे छापील बाजूला असतो. आपण खालची चकचकीत बाजू जपतो, पण तिथला उथळ ओरखडा घासून घालवता येतो. छापील बाजूचा खोल ओरखडा थेट माहितीलाच लागतो. डिस्क तीव्र उजेडासमोर धरा. सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसली तर थर उडतोय असं समजा आणि फोटो काढून वर्णनात घाला. यंत्राने घासून घेतलेली डिस्क असेल तर तेही लिहा.

अमेरिकी सॅटर्नच्या उंच प्लास्टिक डब्या फार ठिसूळ असतात, पाठवताना डिस्क बाहेर काढून वेगळ्या पाकिटात ठेवा. डबी तडकली तरी डिस्क वाचते.

---

दुसरा_कंट्रोलर

न उघडलेल्या खोक्यांबद्दल कुणी बोललं नाही. खोक्याच्या स्थितीवरून श्रेणी ठरवणाऱ्या संस्थेकडे पाठवून ते पारदर्शक पेटीत बंद करून घ्यावेत का? २०२१ च्या जुलैमध्ये सुपर मारिओ ६४ चा न उघडलेला खोका १५ लाख ६० हजार डॉलरला लिलावात गेला होता.

---

मेमरीकार्ड

तो खोका 'वाटा' नावाच्या श्रेणी ठरवणाऱ्या कंपनीने ९.८ ए++ अशी श्रेणी दिलेला होता, म्हणजे जवळपास निर्दोष. त्याच लिलावात, काही दिवस आधी, द लेजेंड ऑफ झेल्डाची एक आरंभीची प्रत ८ लाख ७० हजारांना गेली. त्या काळात श्रेणीबद्ध खोक्यांमध्ये गुंतवणूक म्हणून पैसा शिरला, आणि २०२२ मध्ये वाटावर किमती फुगवल्याचा आरोप करणारा दावाही न्यायालयात दाखल झाला. खेळणाऱ्यांच्या बाजाराशी या आकड्यांचा फारसा संबंध नाही.

तुमच्या दोन-तीन खोक्यांचं म्हणाल तर आधी ते खरंच कारखान्यातून बंद होऊन आलेत का ते बघा. निन्टेन्डोच्या एनईएस आणि सुपर निन्टेन्डोच्या खोक्यांवर प्लास्टिकची जोडरेषा सहसा मागच्या बाजूला आडवी असते. दुकानात परत आलेले खोके पुन्हा गुंडाळले जायचे, त्यांची जोडरेषा वेगळीच येते. खात्री झाली तर श्रेणी न घेता, सगळ्या कोपऱ्यांचे आणि जोडरेषेचे फोटो देऊन विका. श्रेणीचा खर्च आणि प्रतीक्षा फार थोड्याच गेमना परवडते. मला व्यक्तिशः गेम पारदर्शक पेटीत कायमचा बंद झालेला आवडत नाही, पण तो माझा स्वभाव आहे.

---

रात्रीची_लेव्हल

नकली कॅसेट ओळखण्याबद्दल लिहा ना कुणीतरी. काही वर्षांपूर्वी मी वापरलेल्या म्हणून घेतलेल्या ॲडव्हान्सच्या कॅसेटमध्ये नकली निघाल्या. आता त्या विकायच्या तर मनाला पटत नाही.

---

सोल्डरगन

पटत नाही तेच बरोबर आहे. नकली म्हणून स्पष्ट लिहून द्या किंवा ठेवून घ्या. खऱ्या म्हणून पुढे सरकवली तर पुढचा माणूस फसतो, आणि त्यातला सेव्ह टिकेल याची काहीच खात्री नसते.

ॲडव्हान्सच्या कॅसेटचं तोंड उजेडात धरा, सोनेरी टोकांच्या वर बोर्डावर छापलेलं निन्टेन्डो नाव दिसायला हवं. लेबलवर शाईशिवाय दाबून उमटवलेला दोन अंकी आकडा तिरक्या उजेडात दिसतो. मागचा स्क्रू तीन पात्यांचा हवा. लेबलचा रंग, अक्षरांमधलं अंतर, मागच्या साच्यातली अक्षरं, हे सगळं खात्रीच्या कॅसेटशेजारी ठेवून बघा. एकाच खुणेवर निकाल देऊ नका, लेबल सुटून नंतर लावलेलं असू शकतं. महाग कॅसेट असेल तर उघडून बोर्डाचा फोटो द्या. मी तरी बोर्डाचा फोटो नसेल तर मोठी खरेदी करत नाही.

---

खिडकीतला_मॉनिटर

थोडं वेगळं. विकता न येणाऱ्या कागदांचं काय करायचं? माझ्याकडे डेमो डिस्क, दुकानातली पत्रकं, जुनी गेम मासिकं आहेत.

---

दुसरा_कंट्रोलर

@खिडकीतला_मॉनिटर, हे कृपा करून टाकू नका. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी करून दाखवलं की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज अधिकृतपणे विकत मिळतच नाहीत. गेमची ही स्थिती, तर पत्रकांचं काय होत असेल बघा. मासिकं, डेमो डिस्क, विक्रेत्यांना पाठवलेली पत्रकं, यांची स्कॅन केलेली प्रत जपणारे लोक आहेत. आधी विचारा, लगेच पाठवू नका, त्यांच्याकडे ती असू शकतात.

याच कारणाने मला संग्रह फुटताना त्रास होतो. विकण्याआधी निदान एक यादी करा. कुठला गेम, कुठली आवृत्ती, बोर्डावरचा क्रमांक, सोबत काय होतं. ती यादी तुमच्याजवळ राहील, आणि विक्रीतही उपयोगी पडेल.

---

पिक्सेलवेडी

यादीचं पटलं, सुरुवात केली आहे. तक्त्यात नाव, कन्सोल, प्रदेश, खोका, पुस्तिका, चालू स्थिती, सेव्ह आणि दोष असे रकाने केलेत. करताना लक्षात आलं की 'सेव्ह' हाच रकाना भरायला मी सगळ्यात जास्त वेळ घेते.

अजून एक. निन्टेन्डोचे डीएस, थ्रीडीएस आणि वी यूही विकायचे म्हणते. थ्रीडीएस आणि वी यूमध्ये ऑनलाइन विकत घेऊन उतरवलेले गेम आहेत.

---

बी_बटण

ते विकताना नीट विचार कर गं. थ्रीडीएस आणि वी यूचं ऑनलाइन दुकान २७ मार्च २०२३ ला खरेदीसाठी बंद झालं, आधीच्या वी कन्सोलचं तर ३० जानेवारी २०१९ लाच. उतरवलेला गेम सुटा विकता येत नाही, तो खात्याला आणि यंत्राला बांधलेला असतो. त्यातले काही कॅसेटवर कधी आलेच नाहीत. असं यंत्र विकून टाकलंस की ते गेम अधिकृतपणे परत घ्यायची सोय नाही. मी असती तर थ्रीडीएस ठेवला असता. विकायचाच असेल तर खातं काढून, यंत्र पूर्ण पुसून दे, नाहीतर तुझं खातं दुसऱ्याच्या हातात जाईल.

---

रात्रीची_लेव्हल

फसवणुकीबद्दलही सांगते, कारण माझ्यासोबत घडलंय. एका खरेदीदाराने गेम 'चालत नाही' म्हणून परत पाठवला, आणि परत आलेली कॅसेट माझी नव्हती. तेव्हापासून प्रत्येक कॅसेटच्या बोर्डाचा क्रमांक आणि लेबलवरचा एखादा ओरखडा फोटोत टिपते, पॅकिंग करताना चित्रफीत काढते. ठरल्यापेक्षा जास्त पैसे पाठवून 'उरलेले परत करा' म्हणणाऱ्याशी व्यवहार करू नका. मोठ्या वस्तू समोरासमोर, सुरू करून दाखवून द्या. काचेच्या नळीचा टीव्ही असेल तर तो पाठवायच्या फंदात पडूच नका.

पॅकिंगमध्ये एकच आग्रह: पुठ्ठ्याच्या मूळ खोक्यावर चिकटपट्टी किंवा रबरबँड लावू नका. खोका आधी प्लास्टिकच्या संरक्षक कव्हरमध्ये, मग बुडबुड्यांच्या कागदात, मग मोठ्या खोक्यात. कन्सोलला दोन खोके हवेतच. आत कॅसेट राहिली असेल तर काढा, धक्क्याने जोड वाकतो.

---

पिक्सेलवेडी

सगळ्यांचे प्रतिसाद वाचून ठरवलंय ते लिहिते.

भावाचा रेड आणि तो चालवायला एक गेम बॉय विकणार नाही, भावालाच देणार. थ्रीडीएस राहील. बाकी सगळं जाईल: पूर्ण असलेले एकेक, कन्सोल गेमसोबत जोडीने, आणि शेवटच्या ढिगात दोन चांगले सुपर निन्टेन्डो गेम राखून. गेम गिअर बिघडलेला म्हणूनच लिहिणार. जे सेव्ह जिवंत निघतील त्यांची प्रत काढून मगच बॅटरी बदलून घेईन, आणि सेव्ह परत घालून कॅसेट देईन. रिकाम्या गोल्डलाही नवी बॅटरी बसवते, घेणाऱ्याला खेळता आलं पाहिजे.

वर्णनाचा नमुना देते, दुरुस्त करा:

"ऑकारिना ऑफ टाइम, निन्टेन्डो ६४, अमेरिकी आवृत्ती. सुटी कॅसेट, खोका-पुस्तिका नाही. लेबलच्या उजव्या कोपऱ्याला झीज, फोटो बघा. टोकं साफ केली आहेत. चालू स्थितीत. बॅटरी चांगली आहे."

---

सोल्डरगन

शेवटचं वाक्य बदला. 'बॅटरी चांगली आहे' म्हणजे नवी, की जुनी पण अजून चालणारी, हे घेणाऱ्याला कळत नाही. मूळ असेल तर असं लिहा: "मूळ बॅटरी. सेव्ह करून, कॅसेट काढून ठेवून दुसऱ्या दिवशी तपासला, टिकला. पुढे कधीही संपू शकते." बदलली असेल तर बदलल्याचं वर्ष आणि झाळून बसवली आहे एवढं घाला, आणि बोर्डाचा फोटो जोडा. 'चालू स्थितीत' च्या जागी कुठल्या कन्सोलवर आणि कुठवर खेळून बघितलं ते लिहा. पहिला पडदा दिसला आणि बंद केला, तर तेवढंच लिहा.

---

पिक्सेलवेडी

बदललं. पहिल्या गुहेपर्यंत खेळून, सेव्ह करून बघितला आहे, तसंच लिहिलंय. बाकीची वर्णनं याच साच्यात करते आणि यादी पूर्ण झाली की इथे टाकते. कुणाला एखादी वस्तू हवी असेल तर व्यक्तिगत निरोप करा, बाहेर जाहिरात द्यायच्या आधी इथल्यांना विचारेन.